बारा जणांचा दस्त

अल-अराईश, सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४
रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह

मुफद्दल यास,

तुझा पत्ता मला झुहूरने दिला. तू तिला बजावले होतेस की थामीला यातले काही कळता कामा नये. तिने चहा उकळेपर्यंत दम धरला आणि मग सांगितले. तेव्हा राग धरायचा असेल तर वहिनीवर धर. माझा नंबर तू अकरा वर्षे बंद ठेवला आहेस, म्हणून हे पत्र तुझ्या तांजाच्या कचेरीवर पाठवत आहे.

मला कळले ते असे. तुझी रोटरडॅमची कंपनी इथे स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी पेट्यांत भरून निर्यात करण्याचा कारखाना काढणार आहे. त्यासाठी पुलापलीकडची, हाज अल्लालची तीन हेक्टर जमीन पाहिली आहे. व्यवहाराची जबाबदारी तुझ्यावर आहे आणि तू कासाब्लांकाचे वकील उस्ताद नौफल यांना नेमले आहेस. यातले काही चुकीचे असल्यास दुरुस्त करावे.

तू या गावात जन्मलास, पण कंपनीच्या वतीने सही करणारा माणूस इथे परदेशीच असतो. सार्डिन काट्यांसकट खाता येते म्हणून तो स्थानिक ठरत नाही. आणि बाहेरून आलेला माणूस सल्लागार निवडताना पहिली चूक कानाने करतो. जो आपल्या भाषेत, आपल्या सुरात बोलतो, तोच त्याला हुशार वाटतो. नौफल यांचे इंग्रजी उत्तम आहे असे ऐकतो. असेलही. परंतु त्यांचे नाव तुला प्रथम कोणी सुचवले? हाज अल्लालच्या दलालाने, असे झुहूर म्हणते. विकणाऱ्याच्या माणसाने सुचवलेला वकील घेणाऱ्याचा कधी होतो, हे मला हिशेबनिसाच्या एकतीस वर्षांच्या व्यवसायात पाहायला मिळालेले नाही. नौफल यांनी गेल्या पाच वर्षांत हाजसाठी काम केले आहे का, हे त्यांना विचार आणि उत्तर लेखी घे. तोंडी उत्तर सगळेच छान देतात. मालकी तपासणारा आणि सौदा पूर्ण झाल्यावरच ज्याला मोबदला मिळतो तो, ही दोन माणसे वेगळी ठेव. मोजणीदार तिसरा असावा आणि तो या दोघांनाही ओळखत नसावा.

जमीन शेतीची आहे. परदेशी कंपनीला ती बिगरशेती दाखल्याशिवाय घेता येत नाही, हे नौफल यांनी सांगितले असेलच.

हाजच्या मालकीचा सगळा आधार २००३ सालचा बारा साक्षीदारांचा दस्त आहे. त्यावरून त्याने आता पक्क्या नोंदणीसाठी अर्ज केला, सीमेचे दगड लागले, जाहीर सूचना निघाली. हरकतीची मुदत गुरुवार, २८ नोव्हेंबरला संपते. तोवर कोणी हरकत घेतली नाही तर मालकीपत्र अंतिम होईल आणि मग कोणतेही न्यायालय ते हलवू शकणार नाही. दस्त तो नोंदवणाऱ्या अदूलांच्या जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात आहे, तुला वाचता येणार नाही. त्यातली नावे लावत बसू नकोस. चतुःसीमा जुळतात का, तेवढे पाहा.

मी काम मागत नाही. हे केवळ व्यावसायिक सवयीने लिहिले आहे.

थामी बक्काली

•

अल-अराईश, शनिवार, २ नोव्हेंबर २०२४

मुफद्दल,

तुझे उत्तर मिळाले. दोन वाक्ये, कंपनीच्या कागदावर: ‘आमची कंपनी नातेवाइकांकडून सल्ला घेत नाही. आमच्या सल्लागारांचा अहवाल निर्दोष आहे.’ खाली सही, हुद्दा, शिक्का. मसुदा म्हणून त्यात दोष काढता येत नाही.

पहिल्या वाक्याचा रोख मला समजतो. २०१३ साली तू मालमोटारींचा धंदा काढायला परत आला होतास. सगळे कागद विश्वासाने माझ्यापुढे ठेवलेस. मी नको म्हणालो, तो माझा अधिकार होता. मग बँकेच्या मॅनेजरबरोबर कॉफी पिताना मी म्हणालो, “पोरगा जरा घाई करतोय.” तेवढेच. आठ दिवसांत तुझे कर्ज नामंजूर झाले. तू माझ्या दारात उभा राहून विचारलेस, “तू माझा सल्लागार होतास की त्यांचा?” मी म्हणालो, “मी तुझा भाऊ होतो.” त्या वेळी ते उत्तर मला बिनतोड वाटले होते.

आता दुसऱ्या वाक्याविषयी.

काल जुम्याच्या नमाजानंतर मी बंदरावरच्या कॅफेत बसलो होतो. हाज अल्लाल आपल्या चार माणसांसह आला आणि माझ्याच टेबलाशी बसला.

“काय सी थामी! भाऊ रोटरडॅमचा साहेब झाला आणि तू अजून त्याच खुर्चीत बसून शिक्के मारतोयस?”

“शिक्के मारायलाही कुणीतरी लागतंच, हाज.”

“लागतं ना, लागतं! शिक्क्याला तोंड नसतं, हेच तर मला त्याचं आवडतं.” चौघे हसले. चहा आणणाराही हसला. मग हाजने माझ्या ग्लासात स्वतःच्या हाताने साखर घातली, जी मी सहा वर्षे घेत नाही. “नौफलसाहेब सांगत होते, कुणीतरी पत्रं लिहितंय म्हणे. दलालानं वकील दिला, पाच वर्षांचं लेखी घ्या, मोजणीदार वेगळा ठेवा... केवढी काळजी! अरे, तू घरचा माणूस. आमच्याकडचं मीठ खाल्लंयस तू.”

यानंतर तो आणखी एक वाक्य बोलला. त्याचा या पत्राच्या विषयाशी संबंध नाही.

आता विचार कर. पत्र मी तुला लिहिले. तू ते तुझ्या वकिलाला दाखवलेस, ते योग्यच. परंतु वकिलाकडून ते विकणाऱ्याच्या कॅफेतल्या टेबलापर्यंत कसे आले? सल्लागाराच्या कानी घातलेली गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून ऐकू येणे म्हणजे काय असते, हे तुला मी सांगण्याची गरज नाही. तुला ते माझ्यामुळेच ठाऊक आहे.

उत्तर दोन वाक्यांचे असले तरी चालेल.

थामी

•

अल-अराईश, मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

मुफद्दल,

तू झुहूरला पाठवलेला निरोप तिने मला ऐकवला. तू नौफल यांना लेखी विचारलेस आणि त्यांनी हसून तोंडी उत्तर दिले, “अहो, ते सगळे आपलेच लोक आहेत.” झुहूर भांडी विसळत होती. ती म्हणाली, “आपले म्हणजे नक्की कुणाचे, ते विचारलंस का?” मला वाटते, तू ते विचारावेस.

त्यांचा अहवालही तू तिला वाचून दाखवलास. त्यात जमिनीपुढे ‘मोकळी, ताबा विक्रेत्याचा’ असे लिहिले आहे. मी रविवारी ती जमीन पाहून आलो. बसने पुलापर्यंत गेलो, पुढे चालत.

जमीन मोकळी नाही. तिथे कुंपणाशी एक खोली, एक विहीर आणि रहमा नावाची सत्तरीची विधवा आहे. सीमेच्या दगडाच्या दोन्ही बाजूंना ती मटार पेरत होती. मला पाहून तिने कंबर सरळ केली.

“कोण रे? रस्त्याचा माणूस का?”

“नाही, लल्ला. मी थामी बक्काली. हिशेबनीस आहे.”

“मग बरोबर जागी आलास. माझ्याकडे मोजायला चार कोंबड्या आहेत. कालपर्यंत पाच होत्या.”

“हा दगड कोणी लावला?”

“सरकारनं. टोपीवाला साहेब आला होता, नळीतून बघत होता. मी म्हटलं, रस्ता येतोय. आला तर बरंच, अंडी डोक्यावरून न्यावी लागणार नाहीत. त्याला सहा दिली मी. घेतली त्यानं.”

“त्याने काही विचारलं नाही?”

“विचारलं ना. कुत्रं चावतं का म्हणून.”

मी विचारले की इथे किती वर्षे. ती म्हणाली, विहीर तिच्या सासऱ्याने खणली, तिच्या लग्नाच्या आधी. नवरा गेला त्याला सव्वीस वर्षे झाली, तेव्हापासून एकटीच पेरते. कागद? तिने विहिरीकडे बोट दाखवले. जाहीर सूचना बाजारात वाचली गेली होती, पण ती मंगळवारच्या बाजारात, आणि ही जाते गुरुवारच्या. कायद्याची पूर्तता झालेली आहे.

नौफल यांच्या अहवालाला जोडलेले छायाचित्र, तू वर्णन केल्याप्रमाणे, डांबरी रस्त्यावरून घेतलेले आहे. तिथून निवडुंगाचे कुंपण दिसते, खोली दिसत नाही. ते गाडीतून उतरले नसावेत. ज्या सल्लागाराचे बूट कोरडे असतात त्याने जमिनीविषयी लिहू नये, असे माझे मत आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करतो. तुझ्या कंपनीला यात धोका नाही. बाईने २८ तारखेपर्यंत हरकत घेतली नाही तर तुमचा कागद अगदी स्वच्छ होईल. नौफल हेच सांगतील आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असतील. गप्प बसून सोळा दिवस काढायचे, एवढेच.

मी तिला काही सांगितले नाही. तिने दिलेले ताक प्यालो, विहिरीचे पाणी चांगले आहे असे म्हणालो आणि परत आलो.

थामी

•

अल-अराईश, मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

मुफद्दल,

काल सुटी असल्यामुळे हे पत्र एक दिवस उशिरा जात आहे. सुटीचे कारण पुरेसे नाही, हे मला माहीत आहे. मी ते तीनदा फाडले.

तुझा प्रश्न रास्त आहे: ‘दस्त खोटा आहे हे तुला कशावरून माहीत? नौफलच्या सारांशात लिहिले आहे की बाराही साक्षीदार गावातले प्रतिष्ठित आहेत, त्यात एक सनदी हिशेबनीसही आहे.’

सातवा साक्षीदार मी आहे.

पहिल्या पत्रात मी तुला नावे वाचू नकोस असे लिहिले, ते याच कारणाने. कॅफेत हाज जे वाक्य बोलला आणि मी लिहिले नाही, ते असे होते: “तुझ्या ओळखपत्राचा नंबर अजून आहे हो माझ्याकडे, सी थामी.”

२००३ च्या मार्चमध्ये हाज अल्लाल मक्केहून परतला. त्याने जेवण ठेवले, तीसेक माणसे होती. कूसकूस झाले, हात धुतले, चहाचा पहिला पेला झाला. तेव्हा आतल्या दारातून दोन्ही अदूल आले, पांढऱ्या जेलाब्यात, वही घेऊन, आणि भिंतीशी बसले. हाजच्या मेहुण्याने चहाचे रिकामे तबक फिरवले. “जरा ओळखपत्रं टाका, मंडळी. हाजच्या पुलापलीकडच्या जमिनीचा कागद करायचा राहिलाय. हाजला निघायच्या आधीच करायचा होता, पण ईश्वराने आज योग आणला.” तबकात ओळखपत्रे पडत गेली. जणू लग्नातला आहेर.

माझ्या शेजारी मासळीचा व्यापारी होता. मी त्याला हळूच म्हणालो, “मी ती जमीन नीट पाहिलेलीही नाही.” तो म्हणाला, “मी तरी कुठं पाहिलीय? त्याच्या घरात बसून, त्याचं जेवून, त्यालाच नाही म्हणणार का तू? खाली मान घालायला लावशील माणसाला.”

अदूलने माझे नाव वाचले आणि विचारले: ही जमीन दहा वर्षांहून अधिक काळ हाजच्या ताब्यात, विनातक्रार, तो मालकासारखा वापरत असल्याचे तुम्ही जवळून पाहत आला आहात काय?

मी, ज्याने पावतीशिवाय टपाल तिकिटाचा खर्चही कधी मान्य केला नाही, म्हणालो, “होय.”

तसे म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे एक चित्र होते, हेही लिहितो. बसमधून जाताना त्या कुंपणाच्या आत मी अनेकदा एका बाईला वाकून काम करताना पाहिले होते. मी स्वतःला सांगितले की ती हाजची मजूर असेल. हे मी कोणाला विचारले नाही. पुढच्या महिन्यात हाजचे काम माझ्या कचेरीत आले. त्या कामासाठी मी होकार दिला नव्हता. परंतु होकारानंतर ते आले तेव्हा नाकारलेही नाही. चार वर्षे केले.

तेव्हा तू नातेवाइकाचा सल्ला नाकारलास, ते योग्य केलेस, पण कारण चुकीचे दिलेस. मी तुझा भाऊ आहे म्हणून अपात्र ठरत नाही. मी या व्यवहारात पक्षकार आहे आणि ते लपवून सल्ला देत होतो. नौफलवर मी जो आरोप ठेवला, तोच माझ्यावर ठेवता येतो.

नौफलना दूर कर. त्यांच्या जागी इथल्याच उस्तादा बतूल रिसूनी यांना नेम. इंग्रजी त्यांना येत नाही, फ्रेंचही कामापुरते. कचेरी बेकरीच्या वर आहे, जिना अरुंद आहे, उत्तर द्यायला चार दिवस घेतात. इथल्या कोणत्याही जमीनदाराचे काम त्या घेत नाहीत. आम्ही एकमेकांना सलाम करत नाही. नऊ वर्षांपूर्वी एका खटल्यात माझी उलटतपासणी घेताना त्या न्यायाधीशांना म्हणाल्या, “हे साक्षीदार इतके नेमके बोलतात की ते खरं आहे का हे विचारायचं राहूनच जातं.” सगळे न्यायदालन हसले. मला तेव्हा ते वाक्य अन्यायाचे वाटले.

नऊ दिवस उरले आहेत. मी काय करणार, हे ठरलेले नाही.

थामी

•

अल-अराईश, रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

मुफद्दल,

तुझा निरोप झुहूरने मला जसाच्या तसा सांगितला. तिला आवाज काढता येतो, त्यामुळे तूच समोर आहेस असे वाटले: “पत्रं मला लिहितोय. चार-चार पानं. मी त्या जमिनीचा कोण? ती बाई त्याच्यापासून सात किलोमीटरवर आहे, तिला लिहिलं का त्यानं एक अक्षर?”

“तिला वाचता येत नाही,” मी झुहूरला म्हणालो.

“मग तर फारच सोयीचं झालं,” ती म्हणाली आणि आत गेली.

शुक्रवारी मी बसने पुलापर्यंत गेलो.

रहमा मटाराला पाणी घालत होती. मी सगळे सांगितले. दगड कशाचा, मुदत कधीची, दस्त कोणाचा, बारा जण कोण, त्यातला सातवा कोण. क्रमाने सांगितले, म्हणजे काही राहू नये. मग तिने डबा खाली ठेवून विचारले, “जेवायला काय होतं?”

मला प्रश्न कळला नाही.

“त्या दिवशी. काय वाढलं होतं तुम्हाला?”

“कूसकूस,” मी म्हणालो. “मेंढीचं मटण. सात भाज्या.”

“लाल भोपळा होता का?”

“होता.”

“तो माझा. छपरावर ठेवलेला, शेवटचा. हाजची बायको आली, म्हणाली, मक्केहून आलेत, पुण्याचं जेवण आहे. मी पैसे घेतले नाहीत.” तिने डबा पुन्हा उचलला. “गोड होता ना?”

मी होय म्हणालो. या जमिनीविषयी मी दिलेली पहिली खरी साक्ष ती.

तू उस्तादा बतूल यांना नेमलेस, हे मला त्यांच्याकडूनच कळले. काल मी त्यांच्या कचेरीत गेलो. साक्ष मागे कशी घ्यायची, हे विचारायचे होते. त्यांनी मला बसू दिले नाही.

“सी थामी, गुरुवारपासून मी तुमच्या भावाच्या कंपनीची वकील आहे. तुमची नाही, त्या बाईचीही नाही. माझ्यासमोर तोंड उघडू नका. उघडलंत तर मला ते वापरावं लागेल.”

“कोणाच्या बाजूने?”

“ज्याने मला नेमलंय त्याच्या. तुम्ही दुसरा वकील बघा. आणि जिना उतरताना वाका, लोक डोकं आपटतात.”

इतक्या वर्षांत मला कोणी इतक्या योग्य कारणाने दारातून परत पाठवले नव्हते.

तुझ्या मुख्य कचेरीचा आदेश झुहूरकडून समजला: २८ तारखेच्या संध्याकाळपर्यंत थांबा, हरकत आली नाही तर खरेदी करा. बतूल यांनी त्यावर तुम्हाला लेखी बजावले, तेही समजले. “आता तुम्हाला माहीत आहे. माहीत असलेला खरेदीदार आणि माहीत नसलेला खरेदीदार कायद्याला सारखे दिसत नाहीत.” आणि तरीही आदेश बदलला नाही. म्हणजे तुला गप्प बसण्याचा हुकूम आहे. तो मोडलास तर तुझी नोकरी जाईल, पाळलास तर त्या बाईची जमीन. मी तुला काहीही सुचवत नाही. ते माझे काम उरलेले नाही.

काल संध्याकाळी हाज अल्लाल घरी आला. त्याला बातमी लागली होती.

“साक्ष मागे घेणार म्हणे तू. घे. खोट्या साक्षीला तुरुंग असतो, माहितीय ना? एकवीस वर्षांपूर्वी मी खोटं बोललो म्हणशील. मग आज खरं बोलतोयस हे कोण मानणार? बाकीचे मानतील? त्यातले चौघे कबरीत आहेत, सातजण माझ्याबरोबर.”

मुद्दा बिनतोड होता. झुहूर तबक घेऊन आली. “हाज, चहा घेणार, का नुसती धमकीच द्यायला आलात?”

“लल्ला झुहूर, नवऱ्याला जरा समजव.”

“तीस वर्षं समजावतेय. पहिल्यांदाच ऐकलंय त्यानं. आता तुम्ही मध्ये येऊ नका.”

चहा न पिता तो गेला. उद्या सकाळी नऊ वाजता मी अदूलांपुढे जाणार आहे.

थामी

•

अल-अराईश, शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

मुफद्दल,

काल जे घडले ते तू पाहिलेस. तरी जे तुला बाकावरून दिसले नसेल ते लिहितो.

सोमवारी मी साक्ष मागे घेतली. मूळच्या दोन अदूलांपैकी एक वारले आहेत. दुसरे ब्याऐंशीचे आहेत आणि काम सोडून बसले आहेत, म्हणून दस्त दोन नव्या अदूलांनी लिहिला. त्यातल्या तरुणाने विचारले, “कारण काय लिहू?” मी म्हणालो, “जेवणाचे निमंत्रण.” त्याने वर पाहिले आणि लिहिले, ‘भिडेखातर.’ मी दुरुस्ती सुचवली नाही. दस्त ग्राह्य ठरायला लागणारा न्यायाधीशांचा शेरा बुधवारी दुपारी मिळाला.

काल सकाळी टॅक्सी करून रहमाला घेऊन नोंदणी कचेरीत आलो. तिने सणाची चादर पांघरली होती. तू आणि उस्तादा बतूल आधीच बाकावर होतात. मुदत संपेपर्यंत हरकत येते का हे पाहून कळवण्यासाठी तुला पाठवले होते, हे उघड होते. कचेरीत दुसरी बसायची जागा नव्हती. तू उठलास. रहमा तुझ्या जागी बसली आणि तुला म्हणाली, “ईश्वर तुझं भलं करो, बाळा. तुझं काय काम आहे इथं?” तू म्हणालास, “वाट बघतोय, लल्ला.”

अकरा वर्षांत मी तुझा आवाज प्रथमच झुहूरच्या तोंडून नव्हे, तुझ्याच तोंडून ऐकला. तो जाड झाला आहे.

खिडकीत कारकुनाने अर्ज घेतला, तिचा अंगठा घेतला आणि पुरावा मागितला. मी माझा दस्त पुढे केला. त्याने वाचला. माझ्याकडे पाहिले. तो माझ्याकडे कराचे कागद करून घेतो.

“सी थामी, हे तुमचं आहे?”

“होय.”

“म्हणजे तेव्हा तुम्ही—”

“होय. मूळ दस्ताचा क्रमांक, पान आणि तारीख दुसऱ्या परिच्छेदात आहे.”

“ते नव्हतो विचारत मी,” तो म्हणाला आणि शिक्का मारला. अकरा वाजून चाळीस मिनिटे.

रहमा खिडकीशी वाकली. “आता जमीन माझी झाली का?”

“नाही, आई,” कारकून म्हणाला. “अजून खटला चालेल. पण आज संध्याकाळी ती गेली असती. ती आता गेली नाही.”

तेव्हा मी मागे वळलो. उस्तादा बतूल टिपण लिहीत होत्या. तू फोन कानाला लावून जिन्याकडे गेलास. मुख्य कचेरीला वेळ कळवत असशील. तुझा चेहरा मला दिसला नाही.

आज सकाळी उस्तादा बतूल यांच्या कचेरीतून औपचारिक पत्र आले. कंपनी हाज अल्लालबरोबरचा व्यवहार रद्द करत आहे आणि माझ्या दस्ताची प्रत मिळाल्याची नोंद घेत आहे. कंपनीच्या वतीने खाली तुझी सही आहे. मला त्यात ‘साक्षीदार क्रमांक सात’ असे संबोधले आहे. ते बरोबर आहे. ते पत्र मी तीन वेळा वाचले, आणि चुका शोधण्यासाठी नव्हे. तुझ्या नोकरीचे काय झाले, याविषयी त्यात काही नाही. झुहूरलाही ठाऊक नाही, किंवा या वेळी तिने खरोखरच दम धरला आहे.

हाजने तक्रार दिली आहे. बुधवार, ४ डिसेंबरला सकाळी दहा वाजता मला पोलीस ठाण्यात जबाबासाठी बोलावले आहे. व्यवसायाची सनद बहुधा निलंबित होईल, ग्राहकांना मी तसे आजच कळवले. शिक्षा होईल की नाही ते सांगता येत नाही.

मला वकील हवा आहे. इथे मी तिघांना ओळखतो. काल संध्याकाळी तिघांशी बोललो आणि तिघांच्याही बोलण्यातून मला जे ऐकायचे होते तेवढेच मी उचलले, हे घरी आल्यावर लक्षात आले. एकतीस वर्षे लोक मला विचारत आले की कोणाकडे जावे, आणि मी सांगत आलो. स्वतःसाठी मला ते ठरवता येत नाही. बतूल यांना विचारू नकोस, त्या तुझ्या आहेत आणि तुझ्याच राहाव्यात. तांजाचा असो, रबातचा असो, तुझ्या ओळखीचा असो वा नसो, पुरुष असो वा स्त्री, माझ्यासाठी वकील तू निवड.

मंगळवारच्या दुपारपर्यंत नाव कळव. मी कारण विचारणार नाही.

थामी